आडनावापुरता माणूस

काकांनी माझं नाव कधीच घेतलं नाही. सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनमध्ये त्यांच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत मी चार वर्षं भाड्यानं राहिले. त्यांच्या फ्रिजमध्ये माझं दही असायचं, डेंग्यूच्या तापात त्यांनी मला स्वतःच्या हातानं पेज करून दिली, पण नाव म्हणून घेतलं नाही. पहिल्या दिवशी दारात उभी राहून मी रीतसर नाव सांगायला लागले, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"पहिलं नाव तुझ्यापाशीच ठेव. घर कुठलं ते सांग."

"साताऱ्याचं," मी म्हटलं.

"गाव नाही विचारलं. आडनाव."

"कुलकर्णी."

"मग झालं तर. कुलकर्णीण."

मला वाटलं, म्हातारबुवा जुन्या वळणाचे आहेत. आमच्याकडेही मागच्या पिढीतल्या बायका एकमेकींना जोशीण, पाटलीण म्हणायच्या आणि त्यात कुणाला काही वाटायचं नाही. पण काकांचं वळण तेवढं जवळचं नव्हतं. पुढच्या खोलीत माझ्या आधीपासून एक मुलगी राहायची, बँकेत होती. तीही कुलकर्णी. आमचं नातं नाही, गोत नाही, पण काकांना कोण आनंद झाला. त्याच संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं की आजपासून ती थोरली आणि मी धाकटी. प्राचीन रोममध्ये हीच रीत होती म्हणे. युलियुस घराण्यातल्या मुलीचं नाव युलिया. दुसरी झाली तर तिचंही युलिया. मग एक थोरली, एक धाकटी. तिसरी झाली तर तिला तिसरीच म्हणायचे.

"आणि मुलगे?" थोरलीनं विचारलं.

"त्यांना स्वतःचं नाव असे. तेही इनमीन दीड डझन नावांतलंच एक. पण असे."

"आणि मुलींना नसे."

"गरज काय?" काका म्हणाले. हे ते चिडवायला म्हणाले नव्हते. त्यांना खरोखरच गरज दिसत नव्हती.

त्यांचं स्वतःचं आडनाव मी इथं लिहीत नाही. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, मी त्यांचं आडनाव घेत नाही. एवढा सूड मला परवडतो.

उंच, काटकुळे, केस पांढरेशुभ्र आणि भुवया मात्र काळ्याभोर. घरातसुद्धा इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन. तरुणपणी ते जहाजांच्या विम्याच्या एका कंपनीत हिशेब बघायला सिंगापुरात आले, आणि इथलेच झाले. पुण्यात असताना त्यांना इतिहास शिकायचा होता. वडिलांनी सांगितलं, इतिहास पोट भरत नाही, हिशेब शिक. वडिलांचं ऐकलं, आणि निवृत्त झाल्यावर सगळ्या जन्माचा इतिहास एकदम वसूल करायला बसले. लढाया, बादशहा, रस्ते, स्नानगृहं यांत त्यांना रस नव्हता. त्यांनी फक्त नावं धरली. रोमन माणसाचं नाव तीन मजली असतं, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आजही लिफ्टमध्ये तिसरा मजला आला की मला ते आठवतं आणि राग येतो. खालचा मजला स्वतःचं नाव, मधला घराण्याचं, वरचा टोपणनावातून आलेलं. खरा मजला मधला. "पहिलं नाव म्हणजे बनियन," ते म्हणत. "घरात ठीक आहे. बाहेर पडायचं तर शर्ट लागतो."

तिसऱ्या मजल्याची त्यांना वेगळी मौज होती. आपल्या आडनावांचे भाऊबंद ते तिथं शोधत. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभे राहून ते भल्या माणसांना पकडायचे. "तुम्ही टकले ना? रोममध्ये काल्वुस असता. अर्थ तोच." काण्यांना त्यांनी तोंडावर सांगितलं की तुमच्या पूर्वजाचा डोळा तिरळा असणार, रोममध्ये अशांना स्ट्राबो म्हणत. गाढव्यांनाही त्यांनी एक रोमन सोयरा काढून दिला. लोक त्यांना लांबून बघूनच चपला शोधायला लागायचे. काकांना वाटायचं, लोकांना घाई असते.

कोपऱ्यावरच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्यापिण्याच्या गाळ्यांत, मात्र त्यांचा मान होता. कॉफीवाल्या म्हाताऱ्याला त्यांनी पहिल्या भेटीत आडनाव विचारलं होतं, आणि त्यानं 'आंग' सांगितल्यावर पुढं हात करून त्याला थांबवलं होतं. "ओन्ली सरनेम. इनफ." तो म्हातारा खूष झाला असावा. तेव्हापासून तो काकांना 'रोमन अंकल' म्हणायचा आणि बिनसाखरेची काळी कॉफी न मागता आणून ठेवायचा. चिनी लोकांबद्दल काकांना फार आदर. "ह्यांना कळतं," ते म्हणायचे. "आडनाव आधी, माणूस मागून." जावई चिनी मिळाला तेव्हा आपल्या माणसांत कुजबुज झाली, पण काकांनी हूं की चूं केलं नाही. जावयाचं आडनाव तान, नाव वेई. काका त्याला तान म्हणत आणि तो हसून ओ देई.

मुलीचं नाव मृणाल. हे मी मुद्दाम लिहिते. एकुलती एक मुलगी, पुंगोलला राहायची, दर रविवारी दोन गाड्या बदलून बापासाठी डबा घेऊन यायची. मासे तिच्या आईच्या पद्धतीचे, तिरफळ घातलेले. काका तिला त्यांच्या आडनावाला ईण लावून हाक मारत, जशी मला मारत तशीच. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आणखी कुणी भाडेकरू आली. जेवण झालं की काका तिला विचारायचे, ऑफिसात अजून आपलंच आडनाव लावतेस ना? ती हो म्हणायची. लग्नानंतरही तिनं ते बदललं नव्हतं. रोमन बायकांचं लग्नानं काही बदलत नसे, बापाचं घराणं त्या मरेपर्यंत लावत, हे काका अभिमानानं सांगत. "मुलगी कुठंही गेली तरी आडनावानं आपलीच."

एकदा ते असं सांगत असताना मृणाल ताटं उचलता उचलता मला म्हणाली, "आईचं नाव विचार त्यांना."

मी विचारलं. काकू मी यायच्या आधीच गेल्या होत्या, भिंतीवरच्या फोटोत होत्या. काकांनी सांगितलं, "रमा."

"लग्नाआधीचं," मृणाल स्वयंपाकघरातून म्हणाली.

ते काकांना आठवायला जरा वेळ लागला. इंदू. त्यांच्या घराण्यात थोरल्या सुनेचं नाव रमाच ठेवायचं अशी चाल होती. आई रमा, आजी रमा, बायकोही रमा. लग्नात ताटभर तांदळांत अंगठीनं त्यांनी स्वतः लिहिलं होतं. मी म्हटलं, "पण काका, रोममध्ये तर लग्नात बायकोचं काहीच बदलत नव्हतं."

"तिथं चुकलं त्यांचं," काका म्हणाले आणि पान लावायला बसले.

वाईट माणूस होता, असं एकदा म्हणून टाकता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. थोरलीचं बँकेतलं काम गेलं, तेव्हा नवं मिळेपर्यंत तिच्याकडं त्यांनी भाड्याचा विषय काढला नाही. तापात मी बरळत होते तेव्हा रात्रभर माझ्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते. थोरली मग लग्न होऊन ऑस्ट्रेलियाला गेली, तर विमानतळावर सोडायला गेले आणि परत येऊन जेवले नाहीत. पण त्यांच्या आत एक दार होतं, आणि त्या दारावर आडनाव होतं. त्यापलीकडे कुणाला जाता येत नव्हतं. पोटच्या मुलीलाही नाही.

त्यांचं एकच दुःख होतं, आणि ते त्यांनी कुणापासून लपवलं नाही. आडनाव संपणार. कोकणातल्या एकाच गावचं आडनाव ते. गावात एक चुलत पुतण्या, त्यालाही मूलबाळ नाही. इथं हे एकटे. फोनच्या जुन्या डिरेक्टरीत त्या आडनावाचा एकच माणूस होता, आणि "तो मीच," हे ते आलेल्यागेलेल्याला सांगत. मृणाल समोर बसलेली असताना सांगत. एकदा तिनं विचारलं, "मी मोजली जात नाही का बाबा?" तर म्हणाले, "तू लावतेस. तू चालवत नाहीस."

म्हणून मृणालला दिवस गेले तेव्हा तिनं जे ठरवलं, ते तिनं आधी मला सांगितलं. आम्ही दोघी क्वीन्सटाउनच्या मार्केटात पापलेटं घेत होतो. ती म्हणाली, "मुलगा असो, मुलगी असो, आडनाव आमचं लावायचं. माझं. बाबांचं." इथं नोंदणी करताना बापाचंच आडनाव हवं अशी सक्ती नाही. वेई तयार होता. खरी धास्ती होती ती त्याच्या वडिलांची. त्या गृहस्थांनी ऐकून घेतलं, जरा वेळ टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाले, "आय गॉट टू मोअर ग्रँडसन, बोथ तान. युअर फादर गॉट नन. कॅन लाह."

"बाबांना आधी सांगायचं नाही हं," मृणाल मला म्हणाली. "बारशाला सांगू. सगळ्यांसमोर." ती लहानपणापासून ज्या दारावर धडका मारत होती ते आता उघडणार, असं तिला वाटत होतं. मलाही वाटत होतं. मी तिच्या हातातली मासळीची पिशवी घेतली आणि आम्ही दोघी उगाच हसत सुटलो.

मुलगा झाला. बारसं पुंगोलला त्यांच्याच फ्लॅटवर. वेईच्या आईच्या मते बाळंतिणीनं महिनाभर चारचौघांत येऊ नये, पण त्याही मान तुकवून आल्या, आल्याचं सूप घेऊन. पाळण्याला मी शेवंतीच्या माळा लावल्या होत्या. आत्या हवी म्हणून वेईच्या मोठ्या बहिणीला बसवलं. तिनं फोनवर बघून बघून 'कुर्रर्र'चा सराव केला होता आणि तो इतका झकास जमला की सगळे हसले. काका पाळण्याजवळच्या खुर्चीत कडक इस्त्रीत बसले होते. त्या दिवशी ते खुषीत होते. वेईच्या वडिलांना समजावून सांगत होते की रोममध्ये मुलाचं नाव नवव्या दिवशी ठेवत आणि मुलीचं आठव्या, आणि ते गृहस्थ दर वाक्याला "आह, आह" करत होते.

आत्यानं कानात नाव सांगितलं. मग मृणालनं मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं. ईशान, आणि त्यापुढं काकांचं आडनाव. तान नाही. सांगताना ती फक्त बापाकडे बघत होती.

काका उठले. त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसला. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता हा माणूस रडणार, आणि मृणालचं जन्माचं देणं एकदाचं फिटणार. काकांनी चष्मा परत लावला आणि इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. इंग्रजीत, म्हणजे व्याह्यांना कळावं म्हणून. आवाज अगदी शांत, हिशेबातली चूक दाखवावी तसा. ते म्हणाले की हे नियमाला धरून नाही. आडनाव बापाकडून येतं. रोममध्ये ज्या मुलाला आईचं आडनाव लावलेलं असे, त्याला बाप नाही असं धरत. कायद्याचा बाप नाही. कोण ते माहीत नाही. अशा मुलांसाठी त्यांच्याकडे एक शब्द होता.

आणि तो शब्दही त्यांनी सांगितला. लॅटिनमध्ये, नीट उच्चार करून, दोनदा.

वेई पाळण्याची दोरी हातात धरून उभा होता. त्याच्या वडिलांनी हातातली बशी टेबलावर ठेवली. आईला इंग्रजी बेताचंच येत होतं. तिनं मुलाला विचारलं, "व्हॉट ही से आह?"

"नथिंग, मा," वेई म्हणाला. "हिस्टरी."

मृणालनं बाळाला पाळण्यातून उचललं, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आम्ही बाकीचे जेवलो. लोक काय करणार, वाढलेलं होतं. काकांनी जिलबी मागून घेतली.

परत येताना एलआरटीच्या रिकाम्या डब्यात ते माझ्यासमोर बसले होते. बाहेर एकसारखे ब्लॉक मागं जात होते. मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, ती तुम्हाला आडनाव देत होती."

"मला कसं देईल?" ते म्हणाले. "ते माझंच आहे."

"ते संपू नये म्हणून करत होती ती."

"चुकीच्या माणसाकडून पुढं गेलेलं नाव हे संपलेलंच असतं, धाकटे." मग थोड्या वेळानं, अगदी निरागसपणे, "राग कशाचा आला तिला? मी खरं तेच सांगितलं ना?"

त्या क्षणी मला त्यांचा जेवढा तिटकारा आला तेवढा जन्मात कुणाचा आला नाही. पुढच्या स्टेशनवर उतरून जावं असं वाटलं. मी उतरले नाही. त्यांच्या घराची किल्ली माझ्या पर्समध्ये होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला कामावर, लॅबमध्ये जायचं होतं. माणूस तिटकाऱ्यासकट गाडीत बसून राहतो, हे मला तेव्हा कळलं.

ईशानच्या नावाची नोंद व्हायची होती. ती पुढच्या आठवड्यात वेईनं केली. ईशान तान.

खरं तेच सांगितलं, हे मला मात्र सलत राहिलं. एका सुट्टीच्या दिवशी काका कॉफी प्यायला गेलेले असताना मी त्यांच्या कपाटातलं एक जाडजूड पुस्तक काढून वाचत बसले. आणि त्यातच सापडलं. पुढच्या काळात, बादशाही आल्यावर, बड्या घरचे रोमन आईच्या घराण्याचं नाव राजरोस लावत. आईच्या बापाचं, आईच्या आईच्या बापाचं, जे भारदस्त असेल ते. बाप जिवंत असे, कायद्याचा असे, सगळं ठाकठीक असे. कुणी त्यांना तो शब्द वापरत नसे. त्या पानावर काकांच्या पेन्सिलची रेघ होती. म्हणजे वाचलेलं होतं.

ते आल्यावर मी पुस्तक समोर धरलं. त्यांनी बघितलं आणि खिशातलं पेन नीट केलं.

"तो पडता काळ," ते म्हणाले.

एवढंच. म्हणजे हा माणूस नियमाचा गुलामही नव्हता. अख्खा हजार वर्षांचा इतिहास हाताशी होता, त्यातून हवं ते शतक उचलता येत होतं. नातवाच्या बारशाला त्यांनी मुलीला बाद करणारं शतक उचललं.

रविवार बंद झाले. मृणाल भांडली नाही, फोनवर ओरडली नाही, आली नाही, बस्स. काका रविवारी दुपारी जेवायचं टाळत बसायचे, मग उशिरा माझ्या भाजीतली वाटीभर मागायचे. तिच्याबद्दल एक शब्द काढायचे नाहीत. त्याऐवजी त्यांनी दत्तकाचं काढलं. रोममध्ये मोठमोठी, जाणती माणसं दत्तक जात. ज्याला कुणी नाही तो एखादा कर्तबगार गडी बघून आपलं नाव देई, आणि तो गडी आपल्या मूळ घराण्याचं नाव मागं शेपटासारखं ठेवी. आमच्या लॅबमधला एक मराठी सहकारी माझ्याकडं पुस्तकं न्यायला यायचा, चांगला तिशी उलटलेला, पोस्टडॉक. काकांनी त्याला कांदेपोहे खायला घातले आणि विचारलं की माझं आडनाव लावाल का.

तो गांगरला. म्हणाला, "काका, माझे वडील आहेत अजून."

"हरकत नाही," काका म्हणाले. "तिथंही असत. वडिलांची फक्त संमती लागते."

तो बिचारा पोहे अर्धवट टाकून गेला आणि नंतर पुस्तकं लॅबमध्येच मागायला लागला. मी त्या दिवशी खदखदून हसले, आणि हसता हसता मला वाईट वाटलं, पण काकांसाठी नाही. पुंगोलला राहणारी एक बाई ज्या आडनावासाठी सासरी शब्द टाकून बसली होती, ते हा माणूस वाटेवरच्या परक्याला पोह्यांबरोबर वाढत होता.

पुढं माझं काम बदललं, भाडं वाढलं, मी वुडलँड्सला स्वस्तात खोली घेतली. निघताना काकांनी माझी बॅग लिफ्टपर्यंत आणून दिली. "येत जा, धाकटे," म्हणाले. मी गेले नाही. मृणालकडे मात्र जात राहिले. ईशान चालायला लागला, बोलायला लागला, मला "मावशी, डोन्ट लाइक दॅट लाह" म्हणायला लागला. आजोबांचा विषय त्या घरात निघत नसे.

मग एके दिवशी काकांचा फोन. आवाज खोल गेलेला. गावाकडचा चुलत पुतण्या वारला होता. आता जगात ते एकटेच. मी म्हटलं, वाईट झालं. ते म्हणाले, "मला पुंगोलला घेऊन चल. मला वाट सापडली आहे."

मी नेलं. का नेलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कदाचित मला अजूनही वाटत होतं की बाप म्हणून काहीतरी शिल्लक असेल. गाडीत त्यांनी मला सगळं समजावलं. दुसऱ्या शतकातला एक मुलगा, थडग्यावरचा लेख, बापाचं घराणं पुढं आणि आईच्या बापाचं मागं. तसंच करायचं. तान आधी, आपलं मागून.

"तो पडता काळ ना?" मी विचारलं.

"सगळाच काळ पडता असतो गं," ते म्हणाले. ते फार थकले होते. पण अजूनही त्यांना नातवापर्यंत जायला एक मेलेला रोमन पोरगा लागत होता.

मृणालनं दार उघडलं. ईशान शाळेत होता, वेई कामावर. तिनं बापाला आत घेतलं, पंखा लावला, चहा केला. काकांनी कप हातात घेतला आणि मुद्द्याला हात घातला. पुतण्या गेल्याचं सांगितलं, दुसरं शतक सांगितलं, मग म्हणाले, "तेव्हा माझी हरकत नाही. ईशानला आपलं आडनाव लावू. अर्जबिर्ज मी करतो." ते हे मोठ्या मनानं म्हणाले. तो शब्द ज्या खोलीत उच्चारला होता त्याच खोलीत बसून म्हणाले, आणि त्या शब्दाबद्दल काही बोलले नाहीत.

मृणालनं सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा कठोर नव्हता. असता तर बरं.

"बाबा, ते आडनाव माझ्याकडेच राहिलेलं नाही."

"म्हणजे? तान लावलंस?"

"नाही. त्यांच्याकडेही सुना लावत नाहीत. बारशानंतर वकिलाकडे गेले आणि काढून टाकलं. आयसीवर, ओळखपत्रावर, आता नुसतं मृणाल आहे. पुढं काही नाही, मागं काही नाही. इथं चालतं तसं."

काकांच्या हातातला कप बशीवर टेकला. हे मला ठाऊक नव्हतं. तिनं मलाही सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस कोसळेल, माफी मागेल, निदान पोरीचा हात धरेल. दुसरा कुणीही बाप असता तर एवढं केलं असतं. त्यांनी कपबशी बाजूला सरकवली. मग हळू, जवळजवळ स्वतःशीच, ते म्हणाले,

"एकच नाव रोममध्ये गुलामांना असायचं."

मृणालनं मान हलवली. "माहीत आहे. आणि गुलाम सुटला की त्याला मालकाचं आडनाव लागायचं, जन्मभर. तुम्हीच शिकवलंत मला, रविवारच्या जेवणांत. मी सुटले, पण ते लावलं नाही."

ती उठली. ईशानला आणायची वेळ झाली होती. तिनं चप्पल घातली, छत्री घेतली, आणि जाताना दार ओढून घे एवढंच म्हणाली. तेही मला.